घरचे डोनट तेल पिऊन राहिले, मधला पांढरा पट्टाही येत नाही

पऱ्हाटी_दिग्रस:

यीस्टचे डोनट घरी करून राहिलो. ओव्हन नाही, कढईतच तळतो. प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, दूध ३०० मिली, साखर ६० ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, मीठ १ चमचा, इन्स्टंट यीस्ट २ चमचे. अंडं नाही. मळून तासभर झाकून ठेवतो, लाटतो, स्टीलच्या ग्लासनं कापतो, थंड पेयाच्या बाटलीच्या झाकणानं भोक पाडतो आणि लगेच तेलात सोडतो.

डोनट तेल पितात, आत जड लागतात. बेकरीच्या डोनटला कडेनं जो पांढरा पट्टा असतो तो येतच नाही. अन् भोक तळता तळता बुजते. काहून होत असेल?

लग्नघरी पोरांसाठी ६० नग करायचे आहेत. सकाळी तळून संध्याकाळी वाढायचे, आणि आमच्याकडे सध्या दुपारी पारा ४४ वर आहे. चवीचंही सांगा: हाच हलका प्रकार ठेवावा, केकसारखा करावा, की सरळ आपली कोहळ्याची बोंडं बरी?

भट्टी_हिंगणघाट:

भाऊ, तेल पिणं, जडपणा अन् पट्टा न येणं, हे तिन्ही बिघाड एकाच जागी आहेत: "लगेच तेलात सोडतो". लाटताना पहिल्या वेळची फुगलेली हवा सगळी निघून जाते. कापल्यावर पुन्हा फुगू द्यावं लागतं, ते तुमच्याकडून राहिलं.

पांढरा पट्टा ही डोनट हलका झाल्याची खूण आहे. हलका असला की तो निम्मा तेलाच्या वर राहतो. उलटला की दुसरी बाजू भाजते, अन् मधल्या पट्टीला तेल शिवतच नाही. जड डोनट खोल बुडतो, मग पट्टीही तळली जाते. झाऱ्यानं दाबलं किंवा वरून तेल उडवलं तरी पट्टा जातो, म्हणून पुरीची सवय इथे सोडायची.

तेल पिण्याचं सांगतो. डोनट कढईत असताना आतली वाफ बाहेर येत असते, ती तेलाला थोपवते. बाहेर काढला की वाफ निवते, आत ओढ तयार होते आणि सालीवर चिकटलेलं तेल आत शिरतं. बहुतेक तेल असं बाहेर काढल्यावरच जातं. म्हणून काढल्याबरोबर झाऱ्यावर दोनतीन झटके द्या आणि जाळीवर सुटे सुटे ठेवा. एकावर एक रचू नका. कागदावर ठेवले तर खालून वाफ कोंडते, साल ओली पडते.

आता दुसरं फुगवणं. कापलेले नग केळीच्या पानाच्या तेल लावलेल्या तुकड्यांवर किंवा बटर पेपरच्या चौकोनांवर एकेक ठेवा, वरून ओलसर कापड, पण कापड टेकू देऊ नका. बोट पिठात बुडवून कडेला हलकं दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धाच भरला तर तळायला घ्या. तसाच राहिला तर वेळ टळली, तो डोनट तेलात बसणार, मोठे बुडबुडे येणार आणि तेल पिणार. थंडीत याला ४०-४५ मिनिटं लागतात. तुमच्या ४४ डिग्रीत १५ ते २० मिनिटांतच व्हायला लागेल, घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. उचलताना हातानं धरला तर हवा जाते, म्हणून कागदासकट तेलात सरकवा. दहा सेकंदांत कागद सुटतो, चिमट्यानं काढून घ्या. पान असेल तर ते तेलाच्या काठावर तिरपं धरून डोनट घसरू द्या.

यीस्ट या उन्हाळ्यात २ चमचे फार झालं. ५०० ग्रॅमला १ चमचा, म्हणजे ३ ग्रॅम, पुरे. दूध फ्रिजमधलं थंड घ्या. पीठ फार आंबलं की यीस्ट साखर खाऊन टाकतं, मग डोनटला रंग चढत नाही आणि आंबूस वास येतो. बरेच जण रंग येईना म्हणून आच वाढवतात आणि बाहेरून करपवून आत कच्चा ठेवतात. पहिल्या फुगवणीला भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि पीठ दुप्पट झालं की थांबा, तास भरायची वाट पाहू नका. कूलरचा झोत मात्र पिठावर नको, वर पापुद्रा धरतो आणि तोच तेलात फाटतो.

दुधाचं प्रमाण बरोबर आहे, पण आधी २८० मिली घाला. मैदा कणकेइतकं पाणी पीत नाही. पीठ हाताला किंचित चिकटेल असंच हवं. चिकटतं म्हणून कोरडा मैदा मारत राहिलं की डोनट दगड होतो. मळायचं १० ते १२ मिनिटं, लोणी शेवटच्या ५ मिनिटांत. अंडं नसताना मळण्यात कसूर चालत नाही. छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला तर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे.

भोक बुजतं ते ताणलेलं पीठ आखडल्यामुळे. अर्धा इंच जाडीला लाटा, १० मिनिटं तसंच राहू द्या, मग कापा. तेलात पडल्या पडल्या भोकात चमच्याची दांडी घालून दोनतीन वेळा फिरवलं की गोल राहतं. भोक काढण्याचं श्रेय अमेरिकेतल्या हॅन्सन ग्रेगरी या खलाशाला देतात, साल १८४७. मधला भाग कच्चा राहायचा, म्हणून तोच काढून टाकला.

५०० ग्रॅम मैद्याचे १५ च्या आसपास नग होतात. ६० साठी २ किलो लागेल, पण एकदम मळू नका. ५००-५०० चे चार घाणे २५ मिनिटांच्या अंतरानं मळा, नाहीतर शेवटचे नग पाटावरच फुगून बसतील. कातरण एकदाच पुन्हा लाटा, तेही १० मिनिटं निवांत ठेवून.

सरकी_अकोट:

भट्टी यांनी पिठाचं सगळं सांगितलं. तेलाचं आणि जाळाचं मी सांगतो, कारण निम्मा माल तिथे बिघडतो.

यीस्टच्या डोनटला तेल १७५ ते १८० डिग्री हवं. थर्मामीटर नसेल तर भोकातून निघालेली गोळी, तीही फुगल्यानंतर, सोडून पाहा. भोवती लगेच बारीक बुडबुडे आले आणि ४०-४५ सेकंदांत खालची बाजू बदामी झाली तर तेल बरोबर. २० सेकंदांतच लाल झाली तर कढई खाली उतरवा. मिनिटभरानंही पांढरीच असेल तर तेल थंड आहे, आणि थंड तेलात साल उशिरा धरते, तोवर डोनट पीत राहतो. मोठ्या नगाला प्रत्येक बाजूला मिनिटभर. एकदाच उलटायचा.

दीड लिटर तेलात एका वेळी ४ नग, जास्त नाही. पाचवा टाकला की तेल उतरतं. लोखंडी जाड कढई असेल तर उत्तम, ती ताप धरून ठेवते. चुलीवर करत असाल तर पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कपाशीच्या अन् तुरीच्या वाळल्या काड्या, पेटवायपुरतीच. भसकन जळते, लगेच विझते, आणि तेल वरखाली होत राहतं. तळताना बाभळीच्या लाकडाचा निखारा हवा.

तेल रिफाइंड सरकीचं घ्या. त्याला स्वतःची चव नाही आणि वारंवार तापवलं तरी लवकर वास धरत नाही. सोयाबीन आपल्याकडे घरोघरी आहे, पण त्यात लिनोलेनिक आम्ल ७ टक्क्यांच्या आसपास असतं, सरकीत एका टक्क्याहून कमी. तेच आम्ल तापून खराब होतं आणि तिसऱ्या-चौथ्या घाण्यानंतर माशासारखा वास देतं. गोड पदार्थात तो लपत नाही. जवसाचं तर कढईत ओतायचंच नाही, त्यात हे आम्ल निम्म्याहून अधिक. घाण्यावरचं कच्चं सरकीचं तेलही नको, त्यात गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य असतं, ते शुद्धीकरणातच निघतं.

आणि डोनटच्या बुडाला लागलेला कोरडा मैदा मऊ ब्रशनं झटका. तो तळाशी जळतो आणि पुढच्या घाण्यांना काळे ठिपके येतात. दर दोन घाण्यांनी बारीक गाळणी फिरवा.

कोहळं_आर्वी:

दादा, चवीचं विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: सकाळी तळून संध्याकाळी वाढायचे असतील तर यीस्टचा डोनट नको. तो तळल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतच खरा. नंतर आतलं पीठ आवळून येतं, तोंडात चिवट लागतो. ताजा, कोमट, साखरेत घोळलेला यीस्टचा डोनट माझ्याही मते सगळ्यांत वरचा, पण त्याला वाट पाहायला लावायचं नाही.

संध्याकाळसाठी ताकातला केक डोनट करा. यात लोणी आणि साखर जास्त, त्यामुळे शिळा होत नाही लवकर. मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, खायचा सोडा पाव चमचा, साखर ९० ग्रॅम, वितळवलेलं लोणी ३० ग्रॅम, घट्ट आंबट ताक १३० मिली, पाव चमचा मीठ आणि पाव चमचा किसलेलं जायफळ. जायफळ वगळू नका, अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या केक डोनटची चव त्याचीच, आणि आपल्या श्रीखंड-बासुंदीमुळे ती लगेच ओळखीची वाटते. इथे मळायचं मात्र अजिबात नाही. हातानं गोळा करायचा, झाकून फ्रिजमध्ये २० मिनिटं, मग अर्ध्या इंचाला थापून कापायचा आणि लगेच तळायचा. मळला तर रबर होतो.

वरून तडे गेलेला, खरबरीत प्रकार हवा असेल तर निम्म्या ताकाऐवजी चक्का घाला आणि तेल १६५-१७० वर ठेवा. मंद तेलात साल उशिरा धरते, मध्येच फुलून फाटते, आणि त्या भेगांमध्ये साखरेचा पाक बसतो. मला हाच सगळ्यांत आवडतो, बाहेर कुरकुरीत आणि आत ओलसर.

बोंडांना मात्र कमी लेखू नका. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: आमचं कोहळं म्हणजे लाल भोपळा, पेठ्याचा पांढरा कोहळा नव्हे. पिकलेलं, टणक सालीचं, आत गर्द केशरी असं घ्या. किसलेलं कोहळं ५०० ग्रॅम आणि गूळ २०० ग्रॅम कढईत एकत्र, गूळ विरघळून कीस शिजेपर्यंत. पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना कणीक घातली तर खळ होते. मग चिमूटभर मीठ, वेलची, एक चमचा तीळ आणि मावेल तेवढी कणीक, साधारण ३०० ग्रॅम. बोटांवरून अलगद सुटेल इतपत घट्ट. गुळामुळे रंग झटकन येतो, म्हणून तेल १५०-१६० च्या वर नको आणि घाई नको, नाहीतर वरून काळं अन् आत कच्चं. आधी एकच बोंड सोडून पाहा. तेलात विरायला लागलं तर गूळ जास्त झाला, मूठभर कणीक वाढवा. दुसऱ्या दिवशी बोंडं जास्त चांगली लागतात, गूळ आतपर्यंत मुरतो.

पऱ्हाटी_दिग्रस:

भट्टीभाऊ, सरकीभाऊ, कोहळंताई, फार उपयोग झाला. आता असं ठरवतो: संध्याकाळसाठी ताकाचे ६०, आणि सकाळच्या नाश्त्याला घरच्यांपुरते यीस्टचे १५. पोरांना वरून चॉकलेट पाहिजे, पण या उन्हात ते राहते का? साखरेचा लेपही ओला होऊन चिकटतो.

भट्टी_हिंगणघाट:

चॉकलेट नाही राहत. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं, मांडवात त्याहून जास्त तापमान असणार. कोको घालून साखरेचा लेप करा: पिठीसाखर २०० ग्रॅम, कोको पावडर २ मोठे चमचे, दूध ४० मिली. चमच्यावरून संथ, जाड धार पडली पाहिजे. पातळ वाटला तर साखर, घट्ट वाटला तर एकेक चमचा दूध.

साखर ४४ डिग्रीत वितळत नाही. तुमचा लेप ओला होतो तो वाफेनं. कोमट डोनट डब्यात भरून झाकण लावलं की आतली वाफ साखरेवर बसते. लेप डोनट कोमट असताना लावा, पातळ आणि काचेसारखा चढतो, पण नंतर तासभर जाळीवर उघडे ठेवा, माशांसाठी वरून मलमलचं कापड. पूर्ण निवल्यावरच परातीत एका थरात मांडा.

साखरेत घोळायचे असतील तर दाणेदार साखर गरम डोनटला, पिठीसाखर थंड डोनटला. उलट केलं तर दाणे गळून पडतात आणि पिठीसाखर तेलात भिजून दिसेनाशी होते. दाणेदार साखरेत वेलची पूड मिसळा, १०० ग्रॅमला अर्धा चमचा, आणि तेलातून काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत घोळा.