मदत हवी आहे: गावच्या पहिल्या कासव महोत्सवातील गर्दीचे नियोजन

सर्वांना नमस्कार. दापोली तालुक्यातील आमच्या किनाऱ्यालगतच्या गावात येत्या मार्च महिन्यात प्रथमच कासव महोत्सव, म्हणजे अंड्यातून निघालेली कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहुण्यांना दाखवण्याचा कार्यक्रम, भरवण्याचे ग्रामस्थांनी ठरवले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली वेळास येथे सुरू केलेले संवर्धनाचे काम आणि 2006 पासून तेथे होणारा महोत्सव आमच्या डोळ्यांसमोर आहे.

ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि हा काळ वाळूच्या तापमानानुसार कमीजास्त होत असल्यामुळे, पिल्ले नेमकी कोणत्या दिवशी बाहेर येतील हे आधी सांगता येत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या कुटुंबाला हे कसे समजवावे? घरोघरी राहण्याची सोय करताना आगाऊ पैसे घ्यावेत का?

मला खरी काळजी पिल्लांची वाटते. गेल्या वर्षी संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलली, तेव्हा वाळू मधोमध खचली होती आणि त्यातून इवलेसे काळसर डोके वर आले होते. तेवढ्यात एका पाहुण्याने फोटोसाठी मोबाइलचा दिवा लावला आणि दोन पिल्ले समुद्राकडे पाठ फिरवून त्या उजेडाकडे वळली. मन फार कळवळले.

ज्यांनी असे महोत्सव सांभाळले आहेत, त्यांनी एका वेळी किती माणसे किनाऱ्यावर सोडावीत, दोरी किती अंतरावर बांधावी आणि नियम मोडणाऱ्याला न दुखावता कसे थांबवावे, हे कृपया अनुभवातून सविस्तर सांगावे.