अनुभव धागा : अजब शोध, स्वतः करून किंवा जाऊन पाहिलेले

मंडळी, जगभरातल्या अजब शोधांच्या गोष्टी आपल्याला रोज येतात. सकाळी फोन उघडला की कुणीतरी काहीतरी पाठवलेलं असतंच. वाचायचं, 'अरे वा' म्हणायचं आणि पुढे ढकलायचं. त्यात खोटं बरंच असतं, आणि खरं असतं तेही दुपारपर्यंत विसरलं जातं. इथे तशी ढकललेली माहिती नको. ज्या शोधाला तुमचा हात लागलाय, किंवा जो तुम्ही समोर उभं राहून पाहिलाय, तोच सांगा.

सुरुवात मी करतो. पावसाळ्यानंतरच्या एका ट्रेकहून आलो तेव्हा मोज्यांना काटेरी फळं चिकटली होती. उपटताना सहज भिंग लावलं. कुसळ बाणासारखं सरळ घुसतं. या फळाच्या काट्याचं टोक मात्र चक्क वळलेलं, आकडीसारखं, आणि मोज्याच्या धाग्याचा वेढा त्यात अडकलेला. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने शिकारीहून परतल्यावर आपल्या कुत्र्याच्या अंगावर अशाच आकड्या पाहिल्या आणि त्यातून वेल्क्रो, म्हणजे बुटा-बॅगांवरची चिकटणारी पट्टी, निघालं. हे मी शाळेपासून वाचत आलोय. पण ती आकडी स्वतः पाहिली त्या दिवशी मला ते खरं कळलं.

सोलापूरहून, एक गृहिणी

माझा अनुभव पापडाचा. मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजताना थाळी फिरली नाही तर तो ठिपक्याठिपक्यांनी भाजतो, हे पाहिलेल्यांना माहीत असेल. आमची थाळी एकदा अडकली, तेव्हा मी मशीन बिघडलं म्हणून वैतागले. मुलगा बारावीला होता. तो म्हणाला, "आई, थांब, यावरून प्रकाशाचा वेग काढता येतो." मला वाटलं, चेष्टा करतोय.

मग रविवारी रीतसर केलं. काचेची थाळी आणि खालची चाकांची रिंग काढली, चिनी मातीची बशी पालथी घातली आणि तिच्यावर उडदाचा मोठा पापड ठेवला. वीस-पंचवीस सेकंदांत काही जागा फुगून पांढऱ्या झाल्या, मधल्या जागा कच्च्याच, पिवळट. मायक्रोवेव्हच्या लाटा प्रकाशाच्याच वेगाने धावतात. त्या आत पुढे-मागे आपटतात आणि जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या होतात. त्यांचा जोर जिथे सर्वात जास्त, तिथे पापड आधी भाजतो. अशा दोन जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी लाट.

पाच पापड झाले. पट्टीने मोजलं तर कुठे साडेपाच सेंटिमीटर, कुठे साडेसहा, सरासरी सहाच्या आसपास. म्हणजे पूर्ण लाट बारा सेंटिमीटर. मशीनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी लाटा. गुणाकार केला तर उत्तर आलं सेकंदाला २९ कोटी ४० लाख मीटर. खरा वेग २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८ मीटर. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कंपासपेटीतल्या पट्टीने! माझ्या अंगावर काटा आला होता.

नंतर मुलाने मायक्रोवेव्हचा शोध लावणाऱ्या पर्सी स्पेन्सरची गोष्ट सांगितली. हा अमेरिकी माणूस प्राथमिक शाळाही पुरी करू शकला नव्हता. १९४५ मध्ये रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे अशा लाटा तयार करणाऱ्या नळीजवळ, उभा असताना त्याच्या खिशातली गोड वडी विरघळली, आणि पुढचा प्रयोग त्याने मक्याच्या लाह्यांवर केला. १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं मशीन माणसाएवढं उंच आणि सुमारे ३४० किलोचं होतं. खिशात काही वितळलं तर आपण आधी कपड्याकडे बघतो. हा माणूस मशीनकडे बघत राहिला, मला त्याचं फार वाटतं.

अकोला जिल्ह्यातून, लॅब टेक्निशियन

लहानपणी आजोबांनी शर्टाच्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून भिंगरी करून दिली होती. दोन्ही हातांनी ओढली, सैल सोडली, पुन्हा ओढली की घुंईऽऽ घुंईऽऽ आवाज करत फिरायची. सगळ्यांनीच खेळली असेल.

लॅबमध्ये माझी बावीस वर्षं झाली. आमच्या कामात रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवल्याशिवाय पुढे काही होत नाही. तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा येतो. उन्हाळ्यात वीज गेली की नळ्या स्टँडला लावून वाट बघत बसायचं, बाहेर बाकावर खेड्यातून आलेली माणसं, त्यांची परतीची शेवटची एसटी पाचची. हे मी शेकडो वेळा अनुभवलंय.

म्हणून पेपरफ्यूजबद्दल, म्हणजे कागदी सेंट्रीफ्यूजबद्दल, कळलं तेव्हा मी ते तीनदा वाचून काढलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनू प्रकाश युगांडात गेले होते. तिथल्या एका दवाखान्यात सेंट्रीफ्यूज दाराला अडसर म्हणून लावून ठेवलेलं, कारण वीजच नाही. परत येऊन त्यांनी आणि साद भामला यांनी विजेशिवाय गरगर फिरणाऱ्या खेळण्यांचा अभ्यास सुरू केला आणि येऊन थांबले ते आपल्या भिंगरीवर. कागदाच्या चकत्या, दोरा आणि धरायला दोन मुठी. २०१७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मिनिटाला १ लाख २५ हजार फेऱ्यांपर्यंतचा वेग, दीड मिनिटात प्लाझ्मा वेगळा, आणि खर्च २० सेंट!

मी पुठ्ठ्याची केली. स्ट्रॉचे दोन तुकडे हळदीच्या पाण्याने भरून टोकं मेणबत्तीवर सील केली आणि दोन बाजूंना समोरासमोर चिकटवले. वजन दोन्हीकडे अगदी सारखं लागतं, नाहीतर भिंगरी लचकते. पहिल्या दोन तशाच फाटल्या. तिसरी दोन मिनिटं ओढली. दंड भरून आले, पण थांबवून बघते तर हळद बाहेरच्या टोकाला गच्च बसलेली आणि आतलं पाणी बरंच नितळ. पेशंटचं रक्त मी त्यात फिरवलेलं नाही आणि कुणीही घरी तसं करू नये. ट्यूब फुटली तर जोखीम मोठी आहे. पण आजोबांनी शिकवलेली तीच ओढ-सोड जागतिक दर्जाच्या प्रयोगशाळेत मोजली गेली, याचा मला फार आनंद आहे.

विजयदुर्गाजवळून

आमच्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लहानपणापासून ऐकत आलो, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर साहेबाने याच ओट्यांवरून हेलियम शोधला. मी स्वतः पाहुण्यांना हे कौतुकाने सांगत असे.

मग नीट वाचायला बसलो. त्या ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि सूर्याच्या ज्वालांचा प्रकाश रंगारंगांत वेगळा केल्यावर उमटणाऱ्या रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पाहिल्या. लॉकियर इंग्लंडातच होते. त्यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे साधली ती २० ऑक्टोबरला, तिथूनच. त्यांतल्या एका पिवळ्या रेषेचा मेळ कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी बसेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅमसे यांना तो युरेनियमच्या एका खनिजात मिळाला.

हे कळल्यावर मला दोन दिवस बरं वाटलं नाही, खरं सांगतो. पण ज्या वायूचा पत्ता माणसाला आधी सूर्यावर लागला आणि जमिनीवर सत्तावीस वर्षांनी, त्याची गोष्ट खोट्या जोडाशिवायही थोर आहे. आता मी ओटे दाखवतो, ग्रहण सांगतो, आणि गुंटूरचंही नाव घेतो.

जपानमधून, मूळचा कुडाळचा

घरच्या विहिरीवर खंड्या बसायचा. सूर मारला तरी पाण्याचा आवाज जेमतेम 'टुप्'. जपानची बुलेट ट्रेन बोगद्यातून बाहेर पडताना पुढे रेटलेल्या हवेचा बार उडाल्यासारखा धमाका व्हायचा आणि आजूबाजूचे लोक हैराण व्हायचे. अभियंते एइजी नाकात्सू पक्षिनिरीक्षक होते. विरळ हवेतून दाट पाण्यात खंड्या असा अलगद कसा शिरतो, हे त्यांनी पाहिलं, आणि ५०० मालिकेच्या गाडीला चोचीसारखं १५ मीटर लांब नाक मिळालं. ती १९९७ मध्ये धावू लागली.

क्योटोच्या रेल्वे म्युझियममध्ये तिचा डबा उभा आहे. लेकीला तिथे नेलं. ती बाजूने बघून लगेच म्हणाली, "बाबा, हा तर आजीच्या विहिरीवरचा!" तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियातून

थोडक्यात लिहितो. टास्मानियात क्रेडल माउंटनच्या पायवाटेवर एका दगडावर चौकोनी लेंड्या दिसल्या. खडीसाखरेच्या खड्यांसारखे कोपरे. वॉम्बॅट या इथल्या प्राण्याच्या! २०१८ मध्ये पॅट्रिशिया यांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत काही ठिकाणी ताठ आणि काही ठिकाणी लवचीक असते, म्हणून कोपरे पडतात. त्यांना २०१९ चं इग नोबेल मिळालं. आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं, अशा संशोधनाचं ते पारितोषिक. उतरत्या दगडावरूनही ती लेंडी घरंगळली नव्हती, हे मी वाकून पाहिलं.

सातारा जिल्ह्यातून, प्राथमिक शिक्षिका

पापडवाल्या ताई, येत्या शनिवारी वर्गात करणार आहे, मायक्रोवेव्ह एका पालकांचा.

आमच्याकडे टांझानियाच्या एरास्टो म्पेम्बाचा प्रयोग चाललाय. १९६३ मध्ये शाळेत आइस्क्रीम करताना या मुलाने उकळलेलं दूध निवू न देताच फ्रीझरमध्ये ठेवलं आणि ते निवलेल्या दुधाच्या आधी गोठलं. वर्गात त्याची टिंगल झाली. पुढे शाळेत आलेल्या डेनिस ऑस्बर्न या प्राध्यापकांना त्याने तोच प्रश्न भर सभेत विचारला. ऑस्बर्न यांनी तो तपासून घेतला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने निबंध छापून आला. हे खरोखर घडतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

आम्ही स्टीलच्या दोन वाट्या घेऊन पाच वेळा केलं. चार वेळा गार पाणी आधी गोठलं, एकदा गरम. पोरांना चार वेळांचं काही पडलेलं नाही, ती एक वेळच हवी आहे. पाचवीतल्या एका मुलीने फळ्यावर लिहून ठेवलंय, 'त्या दिवशी गरम वाटी फ्रीझरच्या मागच्या भिंतीला टेकली होती का?' कुणालाच आठवत नाही. आता वाट्यांच्या जागा खडूने आखल्यात आणि सोमवारपासून पुन्हा पाच वेळा.