मदत हवी आहे: ऐरोलीतल्या रो हाउसच्या बाहेरच्या फळ्यांना आणि भिंतींना आत्ता रंग द्यावा का? दिला तर कसा?

नमस्कार मंडळी,

आईबाबांचं ऐरोलीत सिडकोच्या वेळचं रो हाउस आहे, तळमजला आणि वर एक मजला. दर्शनी बाजू पश्चिमेला, म्हणजे थेट खाडीकडे. काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्याच्या पुढच्या भिंतीवर लाकडासारख्या रेषा असलेल्या फायबर सिमेंटच्या फळ्या लावून घेतल्या. जीआयच्या (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाच्या) चौकटीवर स्क्रूने बसवलेल्या, वरची फळी खालचीवर थोडी चढलेली, कौलं चढवतात तशी. बाकी सगळ्या भिंती साध्या सिमेंट प्लास्टरच्या आणि त्यावर ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लॅस्टिक रंग.

बाबांची इच्छा आहे की यंदा गणपती घरी यायच्या आत सगळं घर बाहेरून रंगवून घ्यायचं. गणपती भर पावसात, त्यामुळे काम मेअखेर उरकावं लागेल. मला मात्र मनापासून वाटतंय की आधी भिंतीला काय झालंय ते नीट समजून घ्यावं. इथे बांधकामातले, रंगकामातले आणि स्वतःच्या घराचं काम करवून घेतलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फळ्यांबद्दल. मूळचा सागवानी रंग पश्चिमेच्या उन्हाने उडालाय. तळहात फिरवला की हाताला पांढुरकी पूड लागते. खिडकीच्या खाली, जिथे फळ्या कापून बसवल्यात, तिथली टोकं फुगलीत. एका टोकाला नख लावलं तर पापुद्रा सुटला आणि आतला करडा थर दिसला. मधल्या भागात तसं काही नाही, फळ्या ठणठणीत आहेत. पाणी शिंपडून पाहिलं: वरच्या दोन-तीन ओळी छज्ज्याच्या आडोशाला आहेत, तिथे थेंब ओघळून जातात. खालच्या ओळींत मात्र पाणी लगेच जिरतं आणि फळी काळी पडते. दोन फळ्यांच्या जोडांतलं सिलिकॉन एका बाजूने सुटलंय, बोटाने ओढलं की दोरीसारखं निघतं.

आता दक्षिणेची भिंत. (आमचं घर ओळीतलं शेवटचं, म्हणून ती बाजू मोकळी आहे.) पावसाचा मारा नैऋत्येकडून, तो पुढच्या बाजूइतकाच हिच्यावरही बसतो. वरच्या बाथरूमच्या पाइपाजवळ रंगाचे मोठे फुगे आलेत, फोडले की आत पांढरे क्षार. बाकी भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा आणि खिडक्यांच्या दोन्ही कोपऱ्यांतून खाली आलेले शेवाळाचे काळे ओघळ. कोणीतरी सुचवलं म्हणून प्लॅस्टिकचे चौकोनी तुकडे चारही कडांनी टेप लावून भिंतीवर दिवसभर चिकटवून ठेवले. पाइपाजवळच्या तुकड्याला आतून दव धरलं, म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय. बाकीचे कोरडे निघाले.

तीन जणांना बोलावून झालं आणि तिघांनी तीन वाटा दाखवल्या. एक रंगारी म्हणतो, फळ्या घासून, प्रायमर मारून तेलरंग द्या, लाकडाची चमक येते. दुसरे काँट्रॅक्टर म्हणतात, सगळ्या भिंतींवर आणि फळ्यांवर रबरासारखं जाड वॉटरप्रूफ कोटिंग एकाच वेळी, मग दहा वर्षं बघायला नको. पाइपाजवळच्या ओलीचं विचारलं तर म्हणाले, कोटिंगखाली दबून जाईल. तिसऱ्यांचं म्हणणं, फळ्या काढून टाका आणि प्लास्टरवर टेक्स्चर करा. दरांत जवळपास दुपटीचा फरक आहे आणि कुणीच शिडी लावून वर चढून पाहिलं नाही.

माझा मुख्य प्रश्न असा की फळ्यांना रंग दिला तर त्यांचं आयुष्य वाढतं, की एकदा रंग दिला की दर चार-पाच वर्षांनी द्यावाच लागणार? तशाच ठेवल्या तर काय बिघडेल? आणि भिंतींचं काम आत्ता करावं की दिवाळीनंतर? बाबांना नुसतं "नको" म्हणून सांगणं मला जमणार नाही, त्यांना कारण पटायला हवं.

घोडबंदरकर

ताई, मी साइटवरच असतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितोय.

तेलरंग नको. फायबर सिमेंटच्या फळीत सिमेंट, लाकडाच्या लगद्याचे तंतू आणि सिलिकासारखे बारीक पदार्थ असतात. रेषा लाकडाच्या असल्या तरी फळीची जात सिमेंटची. सिमेंट अल्कधर्मी असतं आणि ओल मिळाली की तेलरंगातल्या तेलाचा साबण होतो. मग रंग मऊ पडतो, चिकट होतो, सुटतो. फळीला शंभर टक्के ॲक्रिलिकचाच रंग हवा, खाली अल्कली सहन करणारा प्रायमर.

आता "द्यावा का" याबद्दल. ही फळी कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही, पण ती पाणी पिते, आणि सगळ्यात जास्त पिते ती कापलेल्या टोकातून. कारखान्यात सपाट बाजूवर रंग चढतो, साइटवर कटरने कापलेलं टोक उघडंच राहतं. बसवणाऱ्याने तिथे प्रायमर लावायला हवा होता, तो बहुतेक लावला नाही. म्हणून तुमच्या फक्त खिडकीखालच्या फळ्या फुगल्यात. पाणी जिरून फळी काळी पडतेय याचा अर्थ मूळ थर संपला. तुमच्या घराला खाडीचा वारा आणि पश्चिमेचा पाऊस आहे, अशा फळीला उघडं ठेवू नये. पापुद्रे सुटलेल्या असतील तेवढ्या बदला. नव्या फळ्यांची टोकं वर चढवण्याआधी जमिनीवरच प्रायमरमध्ये भिजवलेल्या ब्रशने दोनदा भरून घ्या. एकदा रंग दिला की पुढेही द्यावा लागेल हे खरं आहे, पण पृष्ठभाग धरलेला असेल तर पुढच्या खेपेला धुऊन एखाद-दुसरा हात पुरतो.

दोन गोष्टी शिडी लावून स्वतः बघा किंवा विश्वासातल्या माणसाला बघायला लावा. सगळ्यात वरच्या फळीच्या डोक्यावर, गच्चीच्या कठड्याखाली, पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची पट्टी आहे का? नसेल तर पाणी फळ्यांच्या मागे उतरतंय आणि जीआयची चौकट आतून गंजतेय. दुसरं, प्रत्येक फळीची खालची कड, जिथे ती खालच्या फळीवर चढते, ती सीलंटने बंद करू देऊ नका. मागे गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. रंगाऱ्याला प्रत्येक फट बुजवायची हौस असते, त्याला आधीच बजावा. सील करायचे ते फक्त उभे जोड आणि खिडकीच्या बाजू.

आणि जाड वॉटरप्रूफ कोटिंग ओल्या भिंतीवर मारलं तर ओल आतच कोंडते. आता छोटे फुगे आहेत, दोन पावसाळ्यांनी ताटाएवढे होतील. आधी प्लंबर, मग रंगारी.

नेरूळकर

अगदी बरोबर. मी भिंतींच्या वेळेबद्दल सांगते, कारण तुमच्या बाबांना पटवायला तेच कारण उपयोगी पडेल. पाइपाजवळचं प्लास्टर फोडून नवं करावं लागणार हे उघड आहे. नव्या प्लास्टरवर पाणी मारायचं, ते सुकू द्यायचं, आणि रंगाआधी किमान २८ दिवस तरी जाऊ द्यायचे असा दंडक आहे. घाईने रंग दिला तर क्षार तो उचलून टाकतात. आत्ता एप्रिल निम्मा संपलाय. प्लंबर मिळून, पाइप बदलून, प्लास्टर होऊन २८ दिवस मोजले की तुम्ही जूनमध्ये पोचता आणि मुंबईत पाऊस साधारण १० जूनच्या आसपास दाखल होतो. हिशेब बसतच नाही. त्यापेक्षा दुरुस्ती आत्ता करा, पाऊस त्यावर पडू द्या. ओल परत आली नाही तर दिवाळीनंतर निश्चिंत मनाने रंग द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भिंत कोरडी असते, ऊनही सौम्य असतं.

दुरुस्तीच्या सिमेंट-वाळूच्या मालात पॉलिमर (पाणी अडवणारं रसायन) घालून घ्या म्हणजे रंगाशिवाय एक पावसाळा निघेल. ठिगळ दिसेल, दिसू दे.

पण फळ्यांना ही अट नाही! त्या कारखान्यातून पक्क्या होऊन येतात. त्या मेमध्ये रंगवल्या तर गणपतीला दर्शनी बाजू नवी दिसेल आणि बाबांचंही मन राहील. पश्चिमेची बाजू आहे, तेव्हा काम सकाळी करायला सांगा. दुपारनंतर फळी तापते, रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उठतात.

शेडबद्दल एक आग्रह: गडद चॉकलेटी घेऊ नका. तापतो आणि पश्चिमेला लवकर उडतो. भडक लाल-पिवळ्या छटाही तशाच. गेरू, मातकट पिवळा, फिका तपकिरी या लोह ऑक्साइडच्या रंगछटा उन्हात सगळ्यात जास्त टिकतात.

माल स्वतः आणा. बाहेरचं चांगलं इमल्शन एका लिटरला दोन हात धरून साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं, म्हणजे २० लिटरची बादली १००० ते १२०० चौरस फुटांना. यापेक्षा फार कमी बादल्यांत काम झालं तर रंगात पाणी जास्त पडलंय असं समजा. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. मी तो आकडा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून जिन्यात चिकटवला होता.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. काल शेजारच्या दादांनी शिडी धरली आणि मी वर पाहून आले. पत्र्याची पट्टी आहे, पण एका टोकाला उचलली गेलीय आणि बरोबर त्याच्या खालच्याच फळ्या फुगलेल्या आहेत. चौकटीवर एका ठिकाणी गंज दिसला, बाकी ठीक वाटली. बाबांना २८ दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवला, ते लगेच मानले. "मग पुढची बाजू तरी चांगली करू" असं स्वतःच म्हणाले.

अजून दोन शंका. जोडांतलं जुनं सिलिकॉन काढून परत सिलिकॉनच भरायचं का? आणि आमचं घर आणि शेजारचं घर जिथे मिळतं तिथे वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी भेग आहे. दर वेळी सिमेंटने भरतात आणि वर्षभरात परत उघडते.

मागच्या मोरीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, रंगारी म्हणतो तेही तारेच्या ब्रशने घासून रंगवून देतो. द्यावेत का?

घोडबंदरकर

पत्र्यांना हात लावू देऊ नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. कोरडं घासलं की त्याचे तंतू हवेत उडतात आणि ते फुप्फुसांना घातक आहेत. ना तारेचा ब्रश, ना प्रेशर वॉश. धड आहेत तोवर तसेच राहू द्या. बदलायचे असतील तेव्हा ओले करून, अख्खे उतरवायचे, फोडायचे नाहीत. आईबाबांना तिथे झाडूही जोरात मारू देऊ नका.

सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. जुनं पूर्ण खरवडून काढा, अंशही राहिला तर नवं चिकटत नाही. मग रंग चढणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. दोन घरांमधली भेगही तशीच: दोन बांधकामं वेगवेगळी हलतात, तिथे कडक सिमेंट टिकणारच नाही. खाच थोडी रुंद करा, आत फोमची दोरी बसवा आणि वरून तेच लवचिक सीलंट. शेजाऱ्यांना विचारून एकदमच करून घ्या, खर्चही वाटला जाईल.

शेवटी एक बघा: कॉलम किंवा बीमच्या रेषेत सरळ जाणारी भेग असेल, वर तांबूस डाग असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आत सळई गंजतेय. ते रंगाऱ्याचं काम नाही, इंजिनिअरला दाखवा.

धागाकर्ती

ठोकून पाहते. असं ठरतंय: या आठवड्यात प्लंबर आणि प्लास्टर. मेमध्ये पत्र्याची पट्टी, फुगलेल्या फळ्या, जोड आणि फळ्यांना मातकट तपकिरी ॲक्रिलिक. दक्षिणेची आणि बाकीच्या भिंती दिवाळीनंतर. तेलरंगवाल्यांना "नको" असं कळवलं.

ठाणे-नवी मुंबईत कोणी अशा फळ्यांवर ॲक्रिलिक दिलेला असेल तर तो किती पावसाळे टिकला ते कृपया लिहा. बाजू पश्चिमेची असेल तर दिशेसकट लिहा. आणि चढवलेल्या फळ्यांची खालची कड मोकळी ठेवून काम करणारा, हे न सांगता समजणारा रंगारी ऐरोली, घणसोली, कळवा भागात कोणाच्या ओळखीचा असेल तर निरोप पाठवा, मी येऊन त्याचं काम बघून घेईन.