आमदार पण तेच, मंत्री पण तेच आणि निकाल देणार पण तेच? मग राज्यघटनेतलं सत्ताविभाजन आहे कुठं?

कृष्णाकाठ_७७
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. सांगली जिल्ह्यातला आहे. आमच्या एका फेरफाराला चुलत भावकीनं हरकत घेतली, मग मंडळ अधिकारी, तिथनं प्रांत, तिथनं अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त आणि आता समोरच्यांनी मंत्रालयात अर्ज टाकलाय, म्हणजे सुनावणी मंत्र्यांपुढं होणार. आमच्या बाबतीत काय होईल ते होईल, तो माझा प्रश्न नाही. मला पडलेला प्रश्न वेगळाय. शाळेत नागरिकशास्त्रात आपण घोकलं की कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ राबवतं आणि न्यायमंडळ न्याय देतं, तिघं वेगवेगळी. आता हा एक माणूस बघा, आमदार म्हणून कायद्याला हात वर करतो, मंत्री म्हणून तोच कायदा राबवतो आणि वर माझ्या जमिनीच्या नोंदीचा निकाल पण तोच देतो. तीनही खुर्च्या एकालाच! हे घटनेत बसतं का, का चालत आलंय म्हणून चालू आहे? राजकीय पक्षांची भांडणं नकोत, कुणी नीट समजावून सांगेल का.

खडूफळा
दादा, पुस्तकात तीन चौकोन काढून दाखवतात तिथंच घोळ होतो (मी पण तेच चौकोन पोरांना काढून दाखवतो, काय करणार, पेपरात तेच येतं). आपल्या घटनेत कायदेमंडळ आणि मंत्रिमंडळ वेगळं ठेवलेलंच नाही आणि ते विसरून राहिलेलं नाही, ठरवून केलंय. संविधान सभेत के. टी. शहांनी दुरुस्ती आणली होती की तिन्ही अंगं एकमेकांपासून पूर्ण वेगळी करा, ती नामंजूर झाली. त्याच्या आधी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी कारण सांगितलेलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेसारख्या पद्धतीत सरकार स्थिर राहतं पण जबाबदारी कमी, इंग्लंडसारख्या पद्धतीत जबाबदारी जास्त पण स्थिरता कमी, आणि दोन्ही एकदम पाहिजे तेवढं मिळत नाही तर मसुद्याने जबाबदारीला जास्त मान दिलाय. अमेरिकेत सरकारचा हिशोब ठराविक मुदतीनं होतो, आपल्याकडं मुदतीनं निवडणुकीत होतो आणि शिवाय रोज सभागृहात होतो, प्रश्न, ठराव, अविश्वास, स्थगन प्रस्ताव वगैरे. आता रोज हिशोब घ्यायचा तर मंत्री सभागृहात समोर बसलेला पाहिजे ना, म्हणून मंत्री आमदार असायलाच लागतो. नसेल तर कलम १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांत निवडून यायचं नाहीतर खुर्ची गेली. २०२० ला आठवत असेल, उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते, मग कोरोनामुळे विधान परिषदेची निवडणूक पुढं ढकलली आणि सहा महिने संपत आले, शेवटी मे महिन्यात बिनविरोध निवडून आले म्हणून वाचलं. अमेरिकेत बरोबर उलटं, तिथं सिनेटर असताना मंत्री होताच येत नाही, हिलरी क्लिंटन यांना २००९ ला परराष्ट्र मंत्री व्हायचं होतं तर सिनेटचा राजीनामा द्यावा लागला.

तर तुमच्या पहिल्या दोन खुर्च्या घटनेनंच जोडलेल्या आहेत. तिसरीचं वकील लोक सांगतील.

बिनखात्याचा_मंत्री
"रोज हिशोब" 😄 अधिवेशन किती दिवस चालतं ते बघा आधी. बाबासाहेबांनी सगळं बरोबर सांगितलं पण सत्ताधारी आमदार मंत्र्याचा हिशोब घेणार कसा, त्याला स्वतःला मंत्री व्हायचंय. बरं झालं २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीनं १५ टक्क्यांची मर्यादा घातली, २८८ चे ४३ होतात मुख्यमंत्री धरून, नाहीतर सगळे सत्ताधारी आमदार मंत्रीच झाले असते आणि प्रश्न विचारायला कुणी उरलं नसतं.

वकिली_चालू_आहे
तिसऱ्या खुर्चीबद्दल.

आधी एक स्पष्ट करतो, महसुली नोंदीनं मालकी ठरत नाही, मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच. फेरफार म्हणजे सरकारी दप्तरात नाव कुणाचं लावायचं एवढंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये अपिलाची आणि पुनरीक्षणाची शिडी आहे, शेवटच्या पायरीवर राज्य शासन आणि राज्य शासन म्हणजे तिथं मंत्री. याला अर्धन्यायिक काम म्हणतात. म्हणजे मंत्री न्यायाधीश झाला असं नाही, पण त्या खोलीत त्याला न्यायाधीशासारखंच वागावं लागतं, दोन्ही बाजूंना नोटीस, ऐकून घेणं, कारणं लिहून आदेश. नुसतं "अर्ज मंजूर" लिहून चालत नाही. आणि त्याच्या वर हायकोर्ट आहेच, कलम २२६ आणि २२७. तुम्ही सांगलीचे म्हणजे आता मुंबईला हेलपाटे पण नकोत, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. महसूल खात्यात हे असं का, तर इंग्रजांच्या काळात कलेक्टर गोळा पण करायचा, राज्य पण चालवायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षा पण द्यायचा, त्यातला महसुलाचा तुकडा तसाच राहिला.

फौजदारी बाजू मात्र तोडली. घटनेत कलम ५० आहे, न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करा म्हणून. ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यानं कोर्टात जाऊन अंमलबजावणी मागता येत नाही, पण आपल्या मुंबई राज्यानं १९५१ लाच कायदा करून न्यायिक आणि कार्यकारी मॅजिस्ट्रेट वेगळे केले, देशभर ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं झालं. म्हणून आज तहसीलदार जमावबंदी लावू शकतो, पण चोरीच्या खटल्यात कुणाला तुरुंगात टाकू शकत नाही.

घटनेची खरी भिंत न्यायपालिकेभोवती आहे. न्यायमूर्तींचा पगार संचित निधीवर भारित, त्यावर सभागृहात मतदानच होत नाही, म्हणजे सरकार चिडलं तरी पगार अडवू शकत नाही. न्यायमूर्तींच्या वागण्यावर विधानसभेत चर्चा करता येत नाही (कलम २११), काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि आजवर तसं कुणालाच काढलेलं नाही. १९९३ ला न्या. व्ही. रामस्वामींवरचा प्रस्ताव लोकसभेत पडला, २०११ ला न्या. सौमित्र सेन यांच्यावरचा राज्यसभेत पास झाला तर लोकसभेत यायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला.

बिनखात्याचा_मंत्री
भिंत इतकी जाड की नेमणुका पण आतल्या आतच. २०१५ ला न्यायिक नियुक्ती आयोग रद्द केला तो कोर्टानंच. संसदेनं जवळपास एकमतानं केलेली घटनादुरुस्ती होती ती.

वकिली_चालू_आहे
त्यावर वेगळा धागा काढा, इथं सुरू केलं तर दिवाळीपर्यंत चालेल. कॉलेजियम (न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडायची पद्धत) मला पण शंभर टक्के पटत नाही एवढंच सांगून थांबतो.

डेक्कन_कॉर्नर
कृष्णाकाठ, तुम्ही मंत्र्याच्या न्याय देण्यावर अडलात पण मंत्रिमंडळ कायदा पण करतं हे कुणी बोललंच नाही. वटहुकूम. विधानमंडळ चालू नसताना राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं काढतात (कलम २१३), अधिवेशन पुन्हा सुरू झालं की सहा आठवड्यांत मंजूर करून घ्यायचा नाहीतर संपला. अडीअडचणीसाठी ठेवलेली सोय. बिहारनं त्याचं काय केलं तर अधिवेशन संपलं की तोच वटहुकूम पुन्हा काढायचा, मग पुढचं अधिवेशन, परत तोच. विधानसभेपुढं न्यायचाच नाही. आणि हे पकडलं कुणी तर पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं, डी. सी. वाधवा. संशोधन करता करता त्यांना दिसलं की १९६७ ते १९८१ मध्ये बिहारात २५६ वटहुकूम निघाले आणि पुन्हा पुन्हा काढून ते एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले. चौदा वर्षं! त्यात किती आमदार आले आणि गेले असतील ज्यांनी तो कायदा कधी मताला आलेला बघितलाच नाही. बाकी कुणी असता तर पेपर छापून मोकळा झाला असता, हे थेट सुप्रीम कोर्टात गेले. सरकारनं म्हटलं की ह्या माणसाचा काय संबंध, तर कोर्ट म्हणालं की नागरिक आहे आणि आपल्यावर चालणारे कायदे घटनेप्रमाणे केलेत का हे विचारायचा हक्क त्याला आहे. डिसेंबर १९८६ ला निकाल, घटनापीठाचा, हा घटनेशी केलेला कपटाचा व्यवहार आहे अशाच अर्थाचं लिहिलंय आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले. तरी बिहार सुधारलं नाही, १९८९ पासून परत एका वटहुकुमाची तीच मालिका चालवली, त्यावर सात न्यायमूर्तींचा निकाल यायला जानेवारी २०१७ उजाडलं.

मीनल_त
डेक्कन, भारी माहिती. हे एवढं पुण्यात राहून पण माहीत नव्हतं.

सातारी_कंदी
भिंतीचा विषय निघालाय तर केशव सिंगचं प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात शेवटी आमच्या साताऱ्यात जन्मलेला माणूस आहे. १९६४, उत्तर प्रदेश. गोरखपूरच्या केशव सिंगनं एका आमदाराविरुद्ध पत्रक काढलं, हक्कभंग झाला, विधानसभेत उभं करून समज द्यायची ठरली तर हा गडी अध्यक्षांकडं पाठ करून उभा राहिला, आणि वर अध्यक्षांना एक उद्धट पत्र पण दिलेलं. सभागृहानं सात दिवस तुरुंगात टाकलं. त्याच्या वकिलानं, सॉलोमन, हायकोर्टाच्या लखनौ पीठापुढं अर्ज केला आणि दोन न्यायमूर्तींनी, बेग आणि सहगल, जामीन दिला. आता विधानसभेचं डोकं असं फिरलं की ठराव केला, केशव सिंग, वकील आणि ते दोन्ही न्यायमूर्ती यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढं हजर करा! हायकोर्टाचे न्यायमूर्ती, आणि मार्शलच्या ताब्यात! दोघा न्यायमूर्तींनी स्वतःच अलाहाबाद हायकोर्टात अर्ज केला आणि तिथं २८ न्यायमूर्तींचं पूर्णपीठ बसलं आणि ठरावाला स्थगिती दिली. म्हणजे एका बाजूला अख्खं हायकोर्ट, एका बाजूला अख्खी विधानसभा आणि पोलिसांनी कुणाचं ऐकायचं कुणालाच ठाऊक नाही. तीन-चार दिवसांत राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सुप्रीम कोर्टाचं मत मागवलं.

सरन्यायाधीश होते प्र. बा. गजेंद्रगडकर. सात जणांचं पीठ, सप्टेंबर १९६४ ला मत आलं, सहा विरुद्ध एक. विधानसभेचं म्हणणं होतं की इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्सला आहेत ते सगळे विशेषाधिकार आम्हाला आहेत, आमच्या शिक्षेत कोर्टानं बघायचंच नाही. गजेंद्रगडकरांनी सांगितलं की इंग्लंडात पार्लमेंट सर्वोच्च असेल, इथं लिखित घटना आहे आणि विधानसभा पण त्याच घटनेतनं जन्मलीय, नागरिकाचं स्वातंत्र्य गेलं असेल तर हायकोर्ट बघणार, आणि अर्ज ऐकला म्हणून न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केला असं होत नाही. गंमत म्हणजे एवढं रामायण होऊन १९६५ ला हायकोर्टानं केशव सिंगचा अर्ज फेटाळलाच आणि राहिलेली शिक्षा त्याला भोगायला लागली.

खडूफळा
कंदीसाहेब, याचं महाराष्ट्रातलं ताजं भावंड म्हणजे १२ आमदारांचं निलंबन. ५ जुलै २०२१ ला गोंधळ घातला म्हणून एक वर्षासाठी निलंबित केले, जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निलंबन त्या अधिवेशनापुरतंच, पुढचं रद्द. सभागृहाच्या कामकाजातल्या बारीकसारीक चुका कोर्टानं काढायच्या नाहीत असं कलम २१२ सांगतं, पण वर्षभर मतदारसंघ आमदाराविना ठेवायचा आणि जागा रिकामी नाही म्हणून पोटनिवडणूक पण नाही, हे हकालपट्टीपेक्षा वाईट झालं असं कोर्टाचं म्हणणं.

कृष्णाकाठ_७७
सगळ्यांचे आभार, वकीलसाहेब तुमचं तर विशेष. एकच शेवटचं, विधानसभा अध्यक्ष आमदार अपात्र ठरवतात ती कुठली खुर्ची मग? तो पण कुठल्यातरी पक्षाकडनंच निवडून आलेला असतो की.

वकिली_चालू_आहे
ही माझ्या मते सगळ्यात अवघड खुर्ची आहे, तुमच्या मंत्र्यापेक्षा जास्त, कारण इथल्या निकालावर सरकार टिकणं न टिकणं ठरतं. १९८५ ला घटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आली तेव्हा हे काम अध्यक्षांना दिलं. १९९२ ला किहोतो होलोहान प्रकरणात तीन विरुद्ध दोन असा निकाल, की अध्यक्ष इथं लवाद म्हणून काम करतात आणि त्यांचा निर्णय कोर्ट तपासू शकतं. अल्पमतातल्या दोघांचं म्हणणं होतं की ज्याचं पद बहुमताच्या मर्जीवर टिकतं त्याच्याकडं हे काम देणंच चूक, आणि खरं सांगू का, मला तेच पटतं. आता अडचण काय, अध्यक्षांनी निर्णय दिला तर कोर्टात जाता येतं, पण निर्णयच दिला नाही तर? मणिपूरला २०१७ मध्ये एक आमदार निवडून आल्या आल्या पक्ष बदलून मंत्री झाले, अर्ज तसाच पडून. २०२० ला सुप्रीम कोर्टानं चार आठवडे दिले, तरी निर्णय नाही म्हटल्यावर मार्चमध्ये कलम १४२ (पूर्ण न्याय करण्यासाठी सुप्रीम कोर्टाला दिलेला खास अधिकार) वापरून त्यांना थेट मंत्रिमंडळातनं काढलं. आपल्याकडं शिवसेनेतल्या फुटीच्या प्रकरणात मे २०२३ ला घटनापीठानं अध्यक्षांना वाजवी वेळेत ठरवा म्हणून सांगितलं, निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला.

मणिपूरच्याच निकालात कोर्टानं संसदेला सुचवलंय की हे काम अध्यक्षांकडून काढून निवृत्त न्यायमूर्तींच्या कायमस्वरूपी लवादाकडं द्यायचा विचार करा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते आणि ती संसदच करणार, कोर्टाला करता येत नाही.

बिनखात्याचा_मंत्री
म्हणजे ज्यांच्या हातातला अध्यक्ष जाणार त्यांनीच हात वर करायचा 😄