मदत हवी आहे: पंप चालू-बंद झाला की रास्पबेरी पाय ‘पाऊस’ मोजतो

नमस्कार.

ठाण्यात मानपाडा परिसरातील आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर मी सोसायटीच्या परवानगीने एक पर्जन्यमापक बसवला आहे. नरसाळ्यातून येणारे पाणी दोन कप्प्यांच्या डोलत्या वाटीत पडते आणि ०.२७९४ मिलिमीटर पाऊस साठला की वाटी कलंडते. त्या वेळी वाटीवरचे चुंबक रीड स्विचसमोरून जाते आणि स्विच क्षणभर जोडला जातो. स्विचची एक तार पाचव्या मजल्यावरील माझ्या घरातल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ १७ ला (बाहेरचे संकेत वाचणारी पिन) आणि दुसरी ग्राउंडला जोडलेली आहे. पुल-अप (स्विच उघडा असताना पिनेचा विद्युतदाब वर धरून ठेवणारा रेझिस्टर) पायच्या आतलाच वापरला आहे. तार सुमारे १८ मीटर लांब असून दाराच्या घंटेसाठी वापरतात तशी साधी दोनपदरी आहे. प्रोग्राम पायथनमध्ये, आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी वापरून लिहिला आहे.

अडचण अशी की मे महिन्यात, आकाशात ढगाचा तुकडाही नसताना, एका सकाळी माझ्या नोंदीत पाच टिचक्या (वाटी कलंडल्याच्या नोंदी), म्हणजे जवळजवळ १.४ मिलिमीटर पाऊस दिसला. हवामान खात्याप्रमाणे मी सकाळी ८.३० ते ८.३० असा दिवस धरतो, त्यामुळे पहाटेची चूक आदल्या दिवसाच्या नावावर चढते आणि ती लवकर लक्षातही येत नाही. जुन्या नोंदी चाळल्यावर दिसले की हा खोटा पाऊस बहुधा सोसायटीचा पाण्याचा पंप चालण्याच्या सुमारास पडतो. गेल्या पावसाळ्यात तो खऱ्या पावसात मिसळून गेला असणार, या विचाराने मला अधिक वाईट वाटते.

आतापर्यंत मी पुढील गोष्टी करून पाहिल्या. पायचा चार्जर बदलला. प्रणालीत विद्युतदाब कमी पडल्याची एकही नोंद नाही. प्रोग्राममध्ये बाउन्सटाइम (एका टिचकीनंतर पुढचे ठोके न मोजण्याचा काळ) ३०० मिलिसेकंद ठेवला, तरी फरक पडला नाही. तार पिनेपासून काढून ठेवली तेव्हा मात्र दोन दिवसांत एकही खोटी टिचकी आली नाही, म्हणजे उपद्रव तारेतूनच येतो. दोष नेमका कुठे आहे आणि तो तार न बदलता दूर होईल का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

दोन प्रश्न आहेत. खोट्या टिचक्या पंप सुरू होताना येतात, चालू असताना येतात की बंद होताना? आणि तुमची तार ज्या डक्टमधून खाली येते, त्यातून आणखी कोणत्या तारा जातात? नोंदींतील वेळ भरवशाची आहे का, तेही पाहा. पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते (पाय ५ मध्ये ते आले), त्यामुळे वीज जाऊन आल्यावर इंटरनेट मिळेपर्यंतच्या नोंदींवर चुकीची वेळ पडू शकते, आणि मग पंपाशी जुळवलेला हिशेब फसवा ठरतो.

धागाकर्ता

राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत, त्यामुळे वेळेचा घोटाळा नसावा. काल पहाटे वॉचमनना विनंती करून स्टार्टरजवळच (पंप चालू-बंद करणाऱ्या पेटीजवळ) उभा राहिलो. पंप सुरू होताना एक टिचकी आली, पाऊण तास तो चालू असताना एकही नाही, आणि टाकी भरून पंप आपोआप बंद झाला त्या क्षणी तीन आल्या. डक्ट उघडून पाहिल्यावर कळले की टाकीतल्या फ्लोट स्विचची (टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता स्विच) केबल आणि माझी तार सातव्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत एकत्रच बांधलेल्या आहेत. बांधणारा अर्थातच मीच.

प्रतिसाद २

मग उत्तर जवळजवळ मिळालेच. दोष मोटरचा कमी आणि फ्लोट स्विचच्या केबलचा जास्त आहे. ती केबल बहुतेक स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकीय स्विच) कॉइलला वीज पोहोचवते. फ्लोट स्विच उघडला की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो, तिचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्या केबलवर क्षणार्धाचा मोठा विद्युतदाब उसळतो. शेजारी बांधलेल्या तारेत त्याचा अंश उतरणारच. चालू असताना काही होत नाही आणि बंद होताना सर्वाधिक होते, ही तुमची नोंद याच्याशी तंतोतंत जुळते.

आता तुमच्या बाजूचा कमकुवतपणा पाहा. पायच्या आतला पुल-अप साधारण ५० किलोओहमचा असतो, म्हणजे स्विच जोडला तरी तारेतून जेमतेम ६६ मायक्रोअँपिअर वाहतात. इतक्या अशक्त धाग्याने १८ मीटरची तार वर धरून ठेवली आहे. तिला खाली खेचायला अगदी थोडी ऊर्जा पुरते. बोर्डाजवळ ३.३ व्होल्ट आणि तार यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा, तारेपासून पिनेकडे १ किलोओहमचा मालिकेत घाला, आणि पिनेपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडा. पुल-अप कोणत्याही परिस्थितीत ५ व्होल्टला जोडू नका. बोर्डावर पहिली पिन ३.३ ची आणि तिला लागूनच दुसरी ५ ची आहे, आणि पायच्या जीपीआयओ पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत.

तार बदलाल तेव्हा नेटवर्कची कॅट-५ केबल वापरा आणि तिच्यातली पीळ दिलेली एकच जोडी सिग्नल व ग्राउंडसाठी घ्या. ती फ्लोटच्या केबलपासून वेगळ्या बाजूने आणा. कॉइलवर उपद्रव शमवणारी जोडणी करता येते, परंतु ते काम सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनचे आहे. पॅनेलला स्वतः हात लावू नका.

प्रतिसाद ३

वरील निदानाशी सहमत आहे. प्रोग्रामविषयी एक भर घालतो. तुमच्या लायब्ररीतला बाउन्सटाइम पहिल्या कडेनंतरच्या कडा (पिनेवरचा विद्युतदाब एकदम बदलण्याचे क्षण) दुर्लक्षित करतो, पहिली कड मात्र मोजतोच. उपद्रवाचा एकुलता एक ठोका आला तरी तो खरी टिचकी ठरतो, म्हणून ३०० चे ३००० केले तरी हा दोष जाणार नाही. कड आल्यावर ५ मिलिसेकंद थांबून पिन पुन्हा वाचा आणि ती अजूनही खाली असेल तरच मोजा. ताशी १०० मिलिमीटरच्या पावसातही दोन टिचक्यांमध्ये सुमारे १० सेकंदांचे अंतर असते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही.

शिवाय गच्चीवरून थेट बोर्डापर्यंत तांब्याची तार आणणे विजांच्या दिवसांत धोक्याचे आहे. मध्ये ऑप्टोकपलर (संकेत प्रकाशाने पोहोचवून दोन बाजू विजेपुरत्या वेगळ्या ठेवणारा भाग) घातल्यास लहानसहान उसळ्यांपासून बोर्ड वाचेल, जवळ पडलेल्या विजेपासून नाही. विजा सुरू झाल्यावर मी स्वतः तार काढून ठेवतो आणि तेवढ्या तासांची नोंद बाटलीत साठलेल्या पावसाच्या पाण्यावरून भरतो.

धागाकर्ता

आपल्या सर्वांचा आभारी आहे. रेझिस्टर आणि कपॅसिटर शनिवारी लावले. त्यानंतर चार दिवसांत पंप आठ वेळा चालला आणि एकच खोटी टिचकी आली, तीही बंद होताना. पिन पुन्हा वाचण्याची सुधारणा केल्यापासून आठवडाभर एकही नाही. तार मात्र अजून तीच आहे. एक शंका उरते: कपॅसिटरमुळे खरी टिचकी तर निसटणार नाही ना?

प्रतिसाद २

निसटणार नाही. स्विच जोडला की कपॅसिटर १ किलोओहममधून रिकामा होतो, त्याचा कालस्थिरांक (भरण्या-रिकामे होण्याच्या वेळेचे माप) ०.१ मिलिसेकंद, सुटल्यावर ३.२ किलोओहममधून भरतो, तो ०.३२ मिलिसेकंद. वाटी कलंडताना रीड स्विच त्याच्या कितीतरी पट अधिक काळ जोडलेला असतो. तुम्ही घातलेली ५ मिलिसेकंदांची वाट मात्र हाताने तपासून घ्या. गच्चीवर जाऊन वाटी ४० वेळा कलंडवा आणि नोंदीत ४० येतात का ते पाहा.

धागाकर्ता

आज संध्याकाळी तपासले. ४० पैकी ४० आल्या. गेल्या पावसाळ्याच्या नोंदींतून पंपाच्या वेळांच्या टिचक्या मी वगळणार नाही, कारण त्या पहाटे खरा पाऊसही पडत असू शकेल. त्या दिवसांपुढे फक्त ‘संशयित’ अशी खूण करून ठेवली आहे.