सासऱ्यांची गुरुत्वाकर्षणाची थिअरी तपासायची कशी? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा विचित्र मदत हवी आहे. थट्टा करायची असेल त्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

माझे सासरे ७४ वर्षांचे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब वगैरे त्यांना मानवलं नाही आणि लॉकडाऊनमध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षण हातात घेतलं. आता तीन दोनशेपानी वह्या भरल्यात. टायपिंग माझ्याकडे, कारण घरात मराठी टायपिंग मलाच येतं. मी बीकॉम. ताळेबंद जुळतो का ते सांगेन, विश्व जुळतं का ते कसं सांगणार?

थिअरी अशी. पृथ्वी ओढत नाही, अवकाश ढकलतं. सगळीकडून अतिसूक्ष्म कणांचा मारा चालू आहे. दोन वस्तू शेजारी आल्या की एकमेकींना आडोसा करतात, मग बाहेरचा मारा त्यांना जवळ रेटतो. दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) कडेचे तारे हिशेबापेक्षा जोरात फिरतात, त्याचं कारण शास्त्रज्ञ डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं वस्तुमान, असं सांगतात, ती बाबांच्या मते पळवाट. त्यांचं म्हणणं, हे कणच भोवऱ्यासारखे फिरतात आणि तारे त्यात वाहत जातात.

प्रात्यक्षिकही आहे. पितळी परातीत पाणी, त्यात भेळेचे कुरमुरे, आणि रवी. रवी घुसळून काढून घेतली की कुरमुरे गोल फिरत फिरत एकमेकांना येऊन चिकटतात. "बघ, कोणी ओढतंय का?" असं विचारतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे बघावं लागतं, इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेला मुलगाही सुटला नाही. खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पटलं होतं.

अडचण पुढे आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका, म्हणजे पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था, सगळ्यांसाठी खुली असते. तेव्हा तिथं कुणाच्या तरी हातात हे बाड द्यायचं त्यांनी ठरवलंय. मागे एका प्राध्यापकांना दाखवलं होतं. त्यांनी पान न उलटता "छान छंद आहे आजोबा" म्हटलं. त्यानंतर आठवडाभर बाबा जेवताना बोलले नाहीत. चूक असेल तर ती त्यांना घरीच कळावी, आणि नीट कळावी.

मला भाषण नको, असा प्रश्न हवा जो ते स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन सोडवतील. यूट्यूबच्या लिंका नकोत, सुरुवात तिथूनच झाली.

निवांत

ताई, आडोशाची कल्पना त्यांना स्वतःला सुचली असेल तर आधी त्यांना नमस्कार सांगा. न्यूटनच्याच मित्रमंडळातल्या फात्यो नावाच्या गणितज्ञानं ती १६९० मध्ये मांडली होती, आणि पुढच्या शतकात जिनिव्हाच्या ल साजनं त्यावर जन्म घालवला.

ती कुठं अडली ते स्कूटरवर समजतं. पाऊस सरळ पडत असला तरी लक्ष्मी रोडवरून स्कूटर हाणली की छाती आधी भिजते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं जाते, म्हणजे तिला समोरून कणांचा मार जास्त बसायला हवा आणि तिचा वेग उतरत जायला हवा. तो उतरत नाही. कण अफाट वेगवान मानले तर हा अडथळा कमी होतो, पण मग ते धडकून जी ऊर्जा पृथ्वीत जिरेल तिनं सगळं वितळून जाईल. उष्णतेचा हा आक्षेप भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८७५ मध्ये घेतला. कण नुसते उसळून परत गेले म्हणावं, तर आडोसाच उरत नाही.

कुंपणावरचा

कुरमुऱ्यांबद्दल. रवी न घालता, पाणी स्थिर ठेवून टाका. तरी चिकटतील. हा पृष्ठताणाचा खेळ आहे. प्रत्येक कुरमुऱ्याभोवती पाण्याचा पृष्ठभाग किंचित वाकतो आणि शेजारचा त्या उतारावरून सरकत येतो. दुधातल्या सायीच्या तुकड्यांचं तेच होतं.

अवांतर: कुरमुरे नंतर कोण खातं?

जुना मशीनवाला

मीही टूलरूमचाच. त्यांना "चूक आहे" म्हणूच नका. विचारा, "बाबा, या थिअरीचं नो-गो गेज कुठलं?" जॉब (म्हणजे घडवलेला भाग) पास झाला हे गो गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, आत जाण्यावरून ठरतं, पण नो-गो गेजही आत गेलं की जॉब रिजेक्ट. ज्याला रिजेक्ट करायची सोयच नाही तो जॉब आम्ही कधी पाठवला नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

आकाशकंदील

वरच्या प्रतिसादाला +१. गेज मी देतो.

पहिलं सोपं. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून साडेपाचच्या आत. लांब गेलं की वेग पडतो. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेत मोजलं तर बाहेर जाताना वेग तसा पडेचना. बाबांच्या भोवऱ्यानं हाच सपाट आलेख आकड्यांनी काढून दाखवायला हवा. परातीत तो येणार नाही. मधलं पाणी चाकासारखं एकत्र फिरतं आणि कडेचं परात धरून ठेवते.

दुसरं जास्त कडक. कन्या राशीच्या दिशेला एनजीसी ४५५० नावाची दीर्घिका आहे. तिच्या एकाच तबकडीत जवळपास निम्मे तारे एका दिशेनं फिरतात आणि निम्मे उलट. हेही रुबिन आणि सहकाऱ्यांनीच १९९२ मध्ये दाखवलं. तारे भोवऱ्यात वाहत असतील तर एकाच जागी दोन्हीकडे कसे वाहतील?

आणि डार्क मॅटर न मानणं हा गुन्हा नाही. मिलग्रोम या भौतिकशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये मॉण्ड नावाची थिअरी मांडली. त्वरण (वेग बदलण्याचा दर) पृथ्वीवरच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ८० अब्ज पटींनी कमी झालं की न्यूटनचा नियम बदलतो, असं तो म्हणाला. एकच आकडा, पण त्यावरून शेकडो दीर्घिकांचे वेग तपासता आले. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत मात्र ते कमी पडतं. आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरही ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉएलबरोबर प्रवाहाविरुद्धच गेले होते, पण समीकरणं घेऊन. आयुकात बाड देण्याऐवजी एक पान द्या, त्यावर एक आलेख. स्पार्क नावाचा १७५ दीर्घिकांच्या वेगांचा संच फुकट मिळतो, तो उतरवून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणानंतर विषय काढला. स्कूटर आणि पावसावर ते लगेच म्हणाले, "याला माझ्याकडे उत्तर आहे," आणि वही आणायला उठले. नो-गो गेज म्हटल्यावर परत खाली बसले. तुम्ही टूलरूममध्ये कुठं होतात, विचारायला सांगितलंय.

एनजीसी ४५५० वर काहीच बोलले नाहीत. आज सकाळी सहाला स्वयंपाकघरातून आवाज आला. परातीत दोन रव्या, एक त्यांच्या हातात, एक सासूबाईंच्या. उलट्या दिशांना घुसळत होते. मध्ये नुसती खळबळ, कुरमुरे जमिनीवर. "नाही होत," एवढंच म्हणाले, आणि चहा मागितला.

कुंपणावरचा, कुरमुरे कबुतरं खातात.

आकाशकंदील, तो संच उतरवला. एक्सेलमध्ये उघडला तर सगळे आकडे एकाच रकान्यात येतायत. ते वेगळे कसे करायचे? बाबा फूटपट्टी आणि आलेखाचा कागद घेऊन शेजारीच बसलेत.