निओकोरोस: गुरव, मंदिरपाल की मानकरी?

तळटीप: दिवाळी अंकासाठी तुर्कस्तानातल्या इफिससवर लेख करतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडकलेय. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातली शहरं पहिल्या शतकाच्या अखेरीपासून स्वतःला ‘निओकोरोस’ म्हणवू लागली. म्हणजे प्रांताच्या वतीने सम्राटाचं देऊळ सांभाळणारं शहर. नाण्यांवरसुद्धा ‘दोनदा निओकोरोस’, ‘तीनदा निओकोरोस’ असं मिरवत. मूळ ग्रीक शब्द मात्र अगदी साधा, देवळाची झाडलोट बघणारा. मी ‘गुरव’ लिहिलं. संपादकांनी ‘मंदिरपाल’ केलं. काय ठेवू?

कोकणातली: गुरवच. पहाटे देऊळ उघडायचं, केर काढायचा, दिवाबत्ती करायची, हे सगळं त्याच्याकडे. ‘मंदिरपाल’ म्हटलं की मला शिट्टी घेतलेला वॉचमन दिसतो.

बखरवाचक: गुरव पटत नाही. गुरवकी बापाकडून मुलाकडे येते. हा किताब मात्र शहरं मागून, भांडून घ्यायची. इ.स. 26 मध्ये सम्राट टायबेरियसच्या देवळासाठी आशियातली 11 शहरं रोमच्या सिनेटपुढे तंडत होती. पर्गामॉनला सांगितलं, तुमच्याकडे ऑगस्टसचं आहे, तेवढं पुरे. इफिससला सांगितलं, तुम्ही आर्टेमिस देवीच्या सेवेत आधीच गुंतलेले. देऊळ गेलं स्मिर्नाला. इफिससला प्रांताचं सम्राटमंदिर मिळालं ते डोमिशियनच्या काळात, 89-90च्या सुमारास. पालखीपुढे पहिला मान कोणाचा यावरून गावात डोकी फुटतात, त्यातला हा प्रकार. म्हणून शब्द ‘मानकरी’. ‘तिहेरी मानकरी’ नाण्यावर शोभेलही.

वसईवाला: जरा विषयांतर. ‘इफिसस’ कशाला? मराठी बायबलात ‘इफिस’ आहे, इफिसकरांस पत्र आम्ही लहानपणापासून ऐकतोय. रुळलेलं मराठी रूप असताना इंग्रजी उच्चार का उचलायचा? आणि तुमचा निओकोरोसही तिथे आहे बरं का. प्रेषितांच्या कृत्यांच्या 19व्या अध्यायात शहराचा कारभारी खवळलेल्या जमावाला शांत करतो, तेव्हा शहराला तो हाच शब्द लावतो. फक्त तिथे देऊळ अर्तमीचं, म्हणजे तुमच्या आर्टेमिसचं. म्हणजे शब्द आधी देवीचा, मग सम्राटाचा.

तळटीप: अर्तमीचा मुद्दा लेखात घेते, आभार. पण ‘इफिस’ वाचून कोणी तिकीट काढायला गेलं तर पोचणार नाही हो.

वसईवाला: ‘इफिसस’ वाचूनही नाही पोचणार. विमान इझमिरला उतरतं. तेच ते स्मिर्ना, ज्याने तुमच्या इफिससच्या हातचं देऊळ पळवलं.

धातुप्रेमी: एवढी ग्रीकची उठाठेव कशाला? मेल्यावर सम्राट लॅटिनमध्ये ‘दिवुस’, म्हणजे देवपदाला पोचलेला, व्हायचा, तो सरळ आपला ‘दिवंगत’. ग्रीक ‘थेऑस’ म्हणजे ‘देव’. सगळं संस्कृतातूनच तिकडे गेलंय.

बखरवाचक: गेलंबिलं काही नाही. लॅटिन ‘देऊस’ (म्हणजे देव), ‘दिवुस’ आणि आपला ‘देव’ ही भावंडं आहेत, एकमेकांची पोरं नव्हेत. ‘थेऑस’ तर भावकीतलाही नाही, नुसता तोंडावळा सारखा. आणि ‘दिवंगत’ कसं चालेल? दिवंगत कोणीही होतो, दिवुस व्हायला सिनेटचा ठराव लागायचा. टायबेरियस, नीरो, डोमिशियन तिघेही दिवंगत झाले, दिवुस एकही झाला नाही. व्हेस्पेशियन मरायला टेकला तेव्हा ‘अरेरे, मी देव होतोय वाटतं’ म्हणाल्याचं रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. तिथे ‘दिवंगत होतोय वाटतं’ घालून बघा, सगळी गंमत जाते.

धातुप्रेमी: व्हेस्पेशियनच्या मूळ लॅटिन वाक्यात ‘देऊस’ आहे, ‘दिवुस’ नाही. फरक स्वतःच शिकवायचा आणि स्वतःच विसरायचा.

बखरवाचक: हे मान्य. पण ग्रीक प्रांतांत हा फरक उरलाच नव्हता. दोघांनाही ‘थेऑस’, कधी कधी तर जिवंत सम्राटालासुद्धा. ‘दिवि फिलियस’, म्हणजे दिवुसचा मुलगा, हे ऑगस्टसचं बिरुदही तिकडे ‘देवाचा मुलगा’ होऊन बसलं.

वसईवाला: मराठीत ‘देवाचा पुत्र’ म्हटलं की आम्हाला एकच आठवतो, म्हणून ते सांभाळून.

धातुप्रेमी: ‘देवपुत्र’ करा. कुशाण राजे लावतच होते.

तळटीप: मंडळी, दिवुस माझ्या लेखात एकदाच येतो, तोही कंसात! गुरवाकडे या. मला अजून गुरवच बरोबर वाटतो, त्याला कारण आहे. 96 साली डोमिशियनचा खून झाला. इफिससच्या देवळाशी संबंधित शिलालेखांतून त्याचं नाव खरवडलं आणि बहुतेक ठिकाणी त्या जागी व्हेस्पेशियनचं कोरलं. किताब मात्र शहराने सोडला नाही. गाभाऱ्यातला देव बदलला तरी देऊळ न सोडणारा तो गुरवच ना?

बखरवाचक: मानकरी तरी मान कुठे सोडतो?

कोकणातली: ‘इफिसस हे गुरव’ कानाला खटकेल मात्र. नगरी स्त्रीलिंगी. मग ‘गुरवीण’?

तळटीप: ग्रीकमध्येही शहर स्त्रीलिंगीच आहे. पण गुरवीण म्हणजे गुरवाची बायको ना? ती स्वतः देवळातलं काम करते का?

कोकणातली: आमच्याकडे करते. माळा ती ओवते, केरही तीच काढते. गुरव घंटा वाजवतो.

धातुप्रेमी: ‘गुरव’ मुळात ‘गुरु’वरून आलाय, हे कोणी बघितलंय का?